पाच व्होल्ट

"जुने सेन्सर ठेवलेत का हो, ताई?" वायरिंगवाल्या काकांनी बोनेटखालून मान वर न काढताच विचारलं. त्यांच्या एका हातात मल्टीमीटरची लाल पिन होती, दुसऱ्या हातात इंजिनच्या कॉम्प्युटरला वायरी जोडणारा, आता सोडवलेला कपलर. मी मोबाइलचा उजेड धरून शेजारी उभी होते. "नाही ठेवले," म्हटलं. नवा भाग बसला की जुन्याचं काम संपलं, एवढाच माझा हिशेब होता. काकांनी पिन जरा हलवून पुन्हा टेकवली, मीटरवरचा आकडा पाहिला आणि अगदी सहज म्हणाले, "ते चांगले होते."

बोलण्यात ठपका नव्हता. ओळखीच्या कुणाबद्दल बोलावं तसं ते बोलले आणि पुढच्या वायरकडे वळले. नंतर कॉम्प्युटर बदलला, गाडी ताळ्यावर आली, आता तिची काही तक्रार नाही. ते तीन शब्द मात्र आत रुतून बसलेत. रात्री झोपताना, सिग्नलला थांबल्यावर, केव्हाही आठवतात. दोन लहानसे प्लॅस्टिकचे तुकडे, काडेपेटीएवढे. त्यांच्यावर आळ आला, त्यांना काढलं, फेकलं. ते खरं बोलत होते.

गाडीचं दुखणं विचित्र होतं. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की सगळं सुरळीत. वीस-पंचवीस मिनिटं झाली, बोनेटखाली चांगली धग साठली, की अचानक एक झटका. डॅशबोर्डवर चेक लाइट, आरपीएमचा काटा लटपटायचा, अॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढायची नाही. इंजिन पूर्ण बंद पडलं असतं तर बरं असं वाटायचं. ते धापा टाकत, अडखळत चालू राहायचं. बाजूला घेऊन बोनेट उघडून अर्धा तास उभं राहिलं की पुन्हा काही झालंच नाही असं चालायचं. पहिल्यांदा गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा पी ०१०७ हा कोड निघाला: मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा सिग्नल खाली. सेन्सर बदलला. मधे हवा थंड होती, तीन आठवडे गाडी छान चालली, आणि मी सुटकेचा श्वास सोडला. मग पुन्हा तेच. या वेळी पी ०१२२, थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, किती उघडला आहे ते सांगणाऱ्या सेन्सरचा सिग्नल खाली. शेजारी पी ०१०७ सुद्धा परत आला होता. "तो जुना राहिला असेल," असं म्हणून पोऱ्याने तो पुसून टाकला आणि थ्रॉटलचा सेन्सर बदलला. मीही मान डोलावली.

तिथेच चुकलं. नवा बसवलेला सेन्सर महिन्याभरात तीच तक्रार कशी करेल, हे विचारायला हवं होतं. त्या दोघांत समान काय आहे, हेही विचारायला हवं होतं.

मला त्या गॅरेजवाल्यांचा राग येत नाही. स्कॅनरच्या पडद्यावर सेन्सरचं नाव आलं की नजर तिथेच थांबते, कुणाचीही थांबेल. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत ओबीडी-२ हे सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं आणि हळूहळू जगभर ही पद्धत रुजली. तेव्हापासून स्टिअरिंगखाली वायर जोडायची आणि गाडीलाच विचारायचं, बाई गं, कुठे दुखतंय. केवढी मोठी सोय आहे ही! मी ती कमी लेखणार नाही. पण पी ०१०७ चा मजकूर नीट वाचला तर त्यात 'सेन्सर खराब' असं कुठेच लिहिलेलं नसतं. त्या सर्किटमधून अपेक्षेपेक्षा कमी व्होल्टेज आलं, एवढंच कॉम्प्युटरने नोंदवलेलं असतं. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या तीन वायरी, वाटेतले कपलर आणि शेवटी जिथे ती वायर पोचते ती कॉम्प्युटरची स्वतःची पिन. तक्रार लिहून घेणारा स्वतःही त्याच साखळीत बसलेला असतो. त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही, कारण कागद त्याच्या हातात आहे.

आमच्या बाबांची गाडी कार्ब्युरेटरची होती, पेट्रोल नि हवा कॉम्प्युटरशिवाय मिसळणारी. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन जगात येऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. बॉशची डी-जेट्रॉनिक ही यंत्रणा १९६७ सालीच फोक्सवॅगन १६०० मध्ये बसली होती, आणि इंधन नि ठिणगी दोन्ही एकाच कॉम्प्युटरच्या हाती देणारी मोट्रॉनिक १९७९ मध्ये आली. आमच्यापर्यंत यातलं काही पोचलं नव्हतं. आमच्या गाडीचा कॉम्प्युटर म्हणजे बाबांचा उजवा कान. सुट्टीच्या दिवशी ते इंजिन चांगलं गरम करून घेत, स्क्रूड्रायव्हरने मिक्श्चरचा स्क्रू पाव आटा आत घेत आणि थांबत. डोळे मिटलेले, मान उजवीकडे कललेली. मग थोडासा बाहेर. पुन्हा थांबत. मी टॉर्च धरून उभी. उजेड हलला की "हात" एवढंच म्हणत. एका क्षणी इंजिनचा घोगरेपणा जायचा, आवाज गोल व्हायचा, आणि बाबांच्या कपाळावरची आठी उलगडायची. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, हा आकडा त्यांनी कधी उच्चारला नाही. त्यांच्या बोटांना येणारा पेट्रोलचा वास मला अजून आठवतो, आणि तो आवाज गोल होण्याचा क्षणही.

पुढे बाबांना फोनवरचं नीट ऐकू येईना. फोनच खराब आहे म्हणाले, तो बदलून आणला. टीव्हीतली माणसं हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणाले, त्याला वेगळा स्पीकर लावला. गाडीचं इंजिनही बिघडलंय म्हणाले. आवाज बसलाय, आत काहीतरी दबलंय. दर सुट्टीला तो स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. प्लग काळे पडू लागले, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास यायला लागला, आणि आम्ही सगळ्यांनी एकमताने कार्ब्युरेटरला दोष दिला. तो उघडला, आतले जेट बदलले. बाबांच्या कानाची तपासणी झाली तेव्हा त्या कागदावरची रेघ उजवीकडे जाता जाता दरीत उतरावी तशी खाली गेली होती; उंच पट्टीचे आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. हे कळायला दोन वर्षं गेली. कानाची शंका आम्हाला आली नाही, कारण इंजिनबद्दल घरात जे काही माहीत होतं ते सगळं त्या कानातूनच आलेलं होतं.

त्यानंतर बाबांनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला नाही. आम्ही आग्रहही केला नाही. करायला हवा होता का, ते अजून ठरत नाही.

काकांकडे गाडी नेली ती कुणीतरी सांगितलं म्हणून. त्यांनी स्कॅनर लावला, दोन्ही कोड पाहिले, आणि यंत्र बाजूला ठेवलं. मग मला शेजारी उभं करून समजावू लागले. हे दोन्ही सेन्सर तीन वायरींचे. एकीतून कॉम्प्युटर त्यांना ५ व्होल्टचा पुरवठा देतो, दुसरी अर्थिंग, तिसरीतून सेन्सर उत्तर पाठवतो. ५ व्होल्टपैकी किती परत आले यावरून दाब किती, थ्रॉटल किती, ते ठरतं. "दोघं एकदम आजारी पडली, तर ती पाणी कुठल्या विहिरीचं पितात ते आधी बघायचं." इंजिन गरम होईपर्यंत ते मीटरची पिन ५ व्होल्टच्या वायरीला लावून बसले. ५.०१. ५.०१. ४.९६. मी कंटाळून दुसरीकडे बघणार इतक्यात आकडा ३.२ झाला आणि पाठोपाठ ०.४. इंजिनने तोच ओळखीचा झटका दिला. काकांचा चेहरा मात्र उजळला. दुखणं आपल्यासमोर उठलं, की डॉक्टरला होतो तसा आनंद असावा. दोन्ही सेन्सर एकाच वेळी मुके झाले होते आणि तरी इंजिन धापा टाकत चालू होतं, याचं कारणही त्यांनी सांगितलं. या इंजिनात क्रँकचा, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचा, सेन्सर चुंबक नि गुंडाळीचा आहे. समोरून क्रँकवरच्या चाकाचे दात फिरले की तो स्वतःची वीज स्वतः तयार करतो. साठांच्या जागी अठ्ठावन्न दात, दोन मुद्दाम गाळलेले. त्या रिकाम्या जागेवरून क्रँक कुठे आहे ते कॉम्प्युटरला कळतं. त्याला विहिरीची गरज नाही. तो एकटा बोलत राहिला, म्हणून गाडी घरी पोचत राहिली.

मला वाटलं, झालं, सापडलं, कॉम्प्युटरच खराब. मी तसं म्हटलंसुद्धा. काका म्हणाले, "अजून नाही." त्यापुढचा तास-दीड तास मी जे पाहिलं त्याच्यासाठी खरं तर हा सगळा लेख आहे. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तो सगळ्यांचेच ५ व्होल्ट खाली ओढतो. म्हणून त्यांनी त्या वायरीवरचा एकेक कपलर काढला: मॅप, थ्रॉटल, एसीच्या गॅसचा दाब बघणारा. एकेक काढून आकडा वर येतो का बघितलं. आला नाही. वायर कुठे घासून बॉडीला लागत असेल, म्हणून इंजिनमागून गेलेला लूम, वायरींचा जुडगा, हाताने चाचपला, वळवला, ओढून पाहिला. मग कॉम्प्युटरच्या कपलरमधून ती एकच पिन बारीक सुईने सोडवून बाहेर काढली, म्हणजे आता कॉम्प्युटरवर कुठल्याच वायरीचं ओझं नाही. तरी आकडा ०.४. मग कॉम्प्युटरला स्वतःला पुरेसं मिळतंय का? बॅटरीकडून येणारे १२ व्होल्ट बघितले. अर्थिंग बघितलं, तेही नुसतं ओहम मोजून नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी कॉम्प्युटरच्या अर्थिंगला, आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. भार असताना किती व्होल्ट वाटेत गळतात ते कळावं म्हणून. ०.०३. अर्थिंग पक्कं होतं. तेव्हा कुठे ते सरळ उभे राहिले, कंबर मागे वाकवली आणि म्हणाले, "हाच आहे." लोक कॉम्प्युटरचं नाव सगळ्यात आधी घेतात, आणि बहुतेक वेळा दोष निघतो एखाद्या गंजलेल्या कपलरचा नाहीतर ढिल्या अर्थिंगचा, असं ते सांगत होते. त्याला दोषी म्हणायचं तर बाकी सगळ्यांना निर्दोष सोडून मगच.

ते सेन्सरबद्दलचं वाक्य ते याच सुमाराला बोलले.

कॉम्प्युटरची पेटी बाहेर आली. एखाद्या जाड वहीएवढी, अॅल्युमिनियमची, पाठीवर उष्णता टाकायला पन्हाळीसारख्या पट्ट्या. हातात घेतली तर अजून कोमट. इतकी वर्षं मी ही गाडी चालवते आहे असं मला वाटत होतं. मिनिटाला ३००० फेरे असताना चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात आणि त्यातली प्रत्येक नेमक्या कुठल्या अंशाला, कुठल्या इंजेक्टरने किती हजारांश सेकंद उघडं राहायचं, ते ही पेटी ठरवत होती. मी फक्त पाय ठेवत होते. काकांनी कडेचा चिकट रबरासारखा थर कापून झाकण उघडलं. आत पारदर्शक वार्निशचा मुलामा दिलेला बोर्ड. भिंगातून त्यांनी मला दाखवलं: ५ व्होल्ट तयार करणाऱ्या चिपच्या एका पायाभोवती, झाळलेल्या डागात, केसासारखी गोल भेग. रोज तापायचं, रोज निवायचं. तांबं वेगळं फुगतं, कथील वेगळं, बोर्ड वेगळा. हजारो वेळा ही ओढाताण झाल्यावर कुठेतरी तुटणारच. त्यांनी वार्निश खरवडलं, नवा डाग दिला. राळेचा धूर वर आला, तो वास मला का कोण जाणे फार आवडतो. थंड असताना बरोबर ५ व्होल्ट मिळाले. मी आशेने बघत होते. मग त्यांनी गरम हवेचा झोत बोर्डवर धरला आणि आकडा पुन्हा कोसळला. चिपच आतून गेली होती, किंवा बोर्डाच्या पोटातल्या थरात काही तुटलं होतं. "शोधत बसता येईल," ते म्हणाले, "पण भर रस्त्यात तुमचा याच्यावर भरवसा राहील का?" मी खूप वेळ उत्तर दिलं नाही. राहिला नसता.

बदली पेटी मिळवणं हे नुसतं तशीच दिसणारी पेटी आणणं नव्हे. लेबलावर एक नंबर हार्डवेअरचा, एक सॉफ्टवेअरचा. पहिली आलेली पेटी सगळी तीच, शेवटचं एक अक्षर वेगळं. ती ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीची निघाली. परत गेली. दुसरी जुळली, बसवली, किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि दोन सेकंदात विझलं. किल्लीचं चिन्ह लुकलुकत राहिलं. इमोबिलायझर. किल्लीच्या मुठीत एक इवलीशी चिप असते. किल्लीच्या भोकाभोवतीच्या कड्यातून तिची ओळख पटली तरच कॉम्प्युटर इंजिन चालू ठेवतो. चोरीच्या भीतीने युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना हे सक्तीचं झालं. नव्या पेटीला माझी किल्ली परकी होती, आणि हा परकेपणा योग्यच होता. काकांनी आधी गाडीचे कागद मागितले, त्यावरचा सतरा अक्षरांचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. मग जुन्या बोर्डवरची आठ पायांची एक चिप चिमट्यात धरून वाचली. किल्ल्यांची ओळख, गाडीचा नंबर, सगळं त्या तिळाएवढ्या जागेत. ते नव्या पेटीत उतरवताना बॅटरीला चार्जर लावला होता आणि कुणी दारालासुद्धा हात लावायचा नाही अशी ताकीद होती. लिहिता लिहिता वीज डगमगली तर पेटी कायमची मुकी होते. त्या काही मिनिटांत गॅरेजमध्ये कुणीच बोललं नाही.

मग गाडी सुरू झाली. पहिले दोन-तीन दिवस न्यूट्रलला आरपीएम वर-खाली व्हायचे, थंडीत जरा जास्त. "शिकतोय," काका म्हणाले. ऑक्सिजन सेन्सर धूर बघून सांगतो इंधन जास्त झालं की कमी, आणि पेटी स्वतःच्या तक्त्यात टक्क्या-दोन टक्क्यांची दुरुस्ती करत जाते. आठवड्याभरात आवाज गोल झाला. मी सिग्नलला थांबून काच खाली करून ऐकला. बाबा असते तर त्यांना तो ऐकू आला असता का, हा विचार आला आणि हिरवा लागला.

परवा डिकी रिकामी केली. स्टेपनीच्या खाली, जॅकच्या मागे, नव्या मॅप सेन्सरचं खोकं सापडलं. उघडलं तर आत जुना. पहिल्या गॅरेजमधल्या कुणीतरी नीट जपून ठेवलेला, आणि मी बघितलंच नव्हतं. तोंडाशी तेलाचा पातळ तपकिरी थर, बाकी धडधाकट. थ्रॉटलचा काही मिळाला नाही. सगळं दोनदा बाहेर काढलं, कार्पेट उचललं. तो गेलाच.

सेन्सर घेऊन काकांकडे गेले. का आलात असं त्यांनी विचारलं नाही. इंजिन बंद, किल्ली चालू, स्कॅनर लावला. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, तेव्हा या सेन्सरने बाहेरचाच दाब दाखवायला हवा. नव्याने दाखवला ९८ किलोपास्कल. काकांनी तो काढला, जुन्याचं तोंड फडक्याने पुसलं, कपलर दाबला. टक्कन बसला. ९८. माझ्या फोनात हवेचा दाब मोजायची सोय आहे, तीही उघडून पाहिली. ९८० हेक्टोपास्कल, म्हणजे तेच.

"कुठला ठेवू?"

"जुना."

काकांनी दोन स्क्रू आवळले, नवा खोक्यात घालून माझ्या हातात दिला. मी सेल्फ मारला. पडद्यावरचा आकडा ९८ वरून घसरत ३४ वर आला आणि तिथे थांबला.